मंगळवारचा कौल

सारिकानं तूरडाळीच्या डब्यात हात घातला. डाळीत पुरून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट जागेवर नव्हतं. दोन लेकींनंतर तिसरं मूल नको, म्हणून ती त्या गोळ्या चोरून घेत होती.

संध्याकाळी मंगळवारची आरती झाली आणि नेहमीसारखी सासूच्या अंगात देवी आली. केस मोकळे, डोळे तांबारलेले. देवीपासून काही लपत नाही, असं सगळं गाव मानायचं. सासऱ्यांनी हात जोडून विचारलं, "आई, नातू कधी देशील?"

सासूची नजर फिरत फिरत सुनेवर येऊन थांबली.

"दोन्ही लेकींच्या रूपानं मीच आलेय," देवी घुमली. "आता मुलगा मागाल, तर दोघींना परत न्यायला येईन."

सासऱ्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. मागोमाग नवऱ्यानंही.

माणसं पांगल्यावर सासू चुलीपाशी आली आणि तिनं पाकीट सारिकाच्या ओंजळीत ठेवलं.

"डबा बदल. डाळ कुणीही काढतं."

सारिकानं पाकीट कमरेला खोचलं.

"मला सात बाळंतपणं झाली," कपाळावरचा मळवट पुसत सासू म्हणाली. "तेव्हा या घरात कुणाच्या अंगात येत नव्हतं."