उसातली वाट

काठीचा पहिला तडाखा विरुपाक्षाच्या खांद्यावर बसला, तेव्हा पार्वतम्मा शेजारच्या तुकड्यात कांदा खुरपत होती. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. तिनं मान वर केली. उसाच्या तोंडाशी म्हातारा कल्लप्पा उभा होता आणि पुन्हा काठी उगारत होता. तिचा नवरा हात खाली सोडून त्याच्या पुढ्यात उभा. नवऱ्याच्या मागं शाळांचे केंद्रप्रमुख, मोबाइल छातीशी धरून.

"ह्या रानातनं वाट न्हाई," कल्लप्पा म्हणाला. आवाज सगळ्या शिवारात गेला. "पाय टाकशील तर तंगडी मोडून हातात दीन."

काठी मांडीवर बसली. विरुपाक्ष कळवळून वाकला, पण मागं सरला नाही.

पार्वतम्मा धावत सुटली.

वाट होती. तिच्या सासूच्या आधीपासून होती. कुंभारीजवळच्या त्यांच्या वस्तीवरून शाळेला जायचं तर कल्लप्पाच्या उसातून पायवाट, नाहीतर अक्कलकोटच्या डांबरी रस्त्यानं मोठा वळसा. सहावी ते आठवीच्या पोरांना सरकारी खर्चानं गाडी मिळायची, पण शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडं असली तरच. डांबरीनं ती पलीकडं होती, उसातून अलीकडं. दिवाळीनंतर ह्याच उसात कल्लप्पाच्या नातीला, महेश्वरीला, कुणीतरी तोंड दाबून आत ओढलं. पोरीनं हाताला कडकडून चावा घेतला म्हणून सुटली. माणूस सापडला नाही. महेश्वरीची शाळा बंद झाली, मग वस्तीवरच्या सगळ्याच पोरींची. पार्वतम्माची शिवानीही सातवीतून घरी बसली. गाडीसाठी विरुपाक्षानं पंचायत समितीत हेलपाटे घातले. "धोका मान्य आहे हो," तिथले साहेब म्हणायचे, "पण नियम अंतराचा आहे. आणि जवळची वाट आहे ना तुम्हाला." शेवटी आज केंद्रप्रमुख ती वाट स्वतः चालून बघायला आले होते.

नातीचं तसं झाल्यापासून कल्लप्पा कुणाशी बोलत नव्हता. काठी घेऊन उसाच्या कडेकडेनं एकटाच फिरायचा. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं वस्तीवर सगळेच म्हणत.

ती बांधावर चढली, तेव्हा विरुपाक्षानं पुढचा घाव हातावर झेलला. मनगटातलं हाड कडकन वाजलेलं तिला ऐकू आलं. केंद्रप्रमुख मध्ये पडायला गेले, तर कल्लप्पानं काठीचं टोक त्यांच्या छातीला लावलं.

"तुमी मागं ऱ्हावा, सायेब."

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. खरंच फिरलाय हा, पार्वतम्माला वाटलं. आता जीव घेतल्याशिवाय थांबत नाही.

पण नवऱ्याचं तिला कळेना. मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणारा माणूस. मनात आणलं असतं तर म्हाताऱ्याला काठीसकट उचलून बांधापलीकडं टाकलं असतं. आणि तो नुसता मार खात होता. काठी तोंडावर आली, ओठ फुटला, त्यानं रक्त थुंकलं आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

कल्लप्पानं काठी त्याच्या डोक्यावर उगारली.

पार्वतम्माच्या हातात अजून खुरपं होतं. ते तिनं सगळ्या ताकदीनिशी म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलं. घाव सरकला आणि कानावर बसला. कान वरून खालपर्यंत फाटला आणि लोंबू लागला. रक्ताची धार मानेवरून सदऱ्यात उतरली. काठी गळून पडली. कल्लप्पा गुडघ्यांवर बसला. तिनं खुरपं पुन्हा उचललं. या वेळी तिची नजर त्याच्या मानेवर होती.

"ब्याड, पार्वती, ब्याड!" घाबरला की विरुपाक्षाच्या तोंडी ‘नको’सुद्धा कानडीतच यायचं. त्यानं धडक्या हातानं तिचं मनगट पकडलं. ती हिसडे देत राहिली, त्यानं सोडलं नाही.

केंद्रप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी पोलिसांना फोन लावतो," ते म्हणाले. "तहसीलदारांकडं जाऊ. बंदोबस्तात वाट मोकळी करून मिळेल तुम्हाला."

"नगं, सायेब." विरुपाक्षाला धड बोलता येत नव्हतं. "पोलीस नगं. वाट बंद हाय, तुमी डोळ्यानं बघितलं. तेवढं वर कळवा."

"आणि आजोबा, तुमची काही तक्रार?"

कल्लप्पानं कान दाबून धरला होता. त्यानं मान हलवली. नाही.

केंद्रप्रमुखांनी एकदा उसाकडं पाहिलं, एकदा मातीत सांडलेल्या रक्ताकडं. "मग अंतर डांबरीनंच धरावं लागेल," ते म्हणाले. "तुमच्या पोरी नियमात बसतात. गाडी मंजूर होईल. पण आधी दोघंही दवाखान्यात जा."

त्यांची मोटरसायकल वळणाआड गेली. आवाजही विरला.

कल्लप्पा जमिनीला हात टेकून उठला आणि विरुपाक्षाकडं निघाला. पार्वतम्मानं नवऱ्याला मागं ढकललं आणि स्वतः आडवी उभी राहिली. म्हाताऱ्यानं तिच्या हातातल्या खुरप्याकडं पाहिलंही नाही. खांद्यावरचा पंचा काढून त्यानं दातानं टरकावला. स्वतःचा कान तसाच गळत ठेवून तो विरुपाक्षाचा मोडका हात हळूहळू गळ्यात बांधू लागला. गाठ मारताना त्याला हुंदका आला. तो त्यानं गिळला.

"आरं विरुपा," तो म्हणाला, "आपलं काय ठरलंय ते घरात सांगितलं न्हवतंस व्हय?"