कंदाशिवाय नमुना

संग्रहालयातल्या बाईंनी वाळवलेल्या फुलांचे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग उचललं. डावीकडची पांढरी रानलिली रस्त्याच्या कडेला कुठेही उगवणारी. उजवीकडची मदतनिसाने गेल्या आठवड्यात टेकडीच्या उतारावरून आणलेली. तो टेबलासमोर उभाच होता. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, पण बाईंपुढे त्याची बोबडी वळायची.

"कंद कुठाय?"

"खणला होता. वाटेत पडला कुठेतरी."

वहीतही त्याने तसंच ठोकून दिलं होतं. कंदाशिवाय आणलेला नमुना बाई तोंडावर फेकतात, हे सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होतं. हरवला म्हटलं की निदान बोलणी थोडक्यात आटोपतात.

बाई मात्र पुन्हा कागदांवर वाकल्या. पाकळ्या दोन्हीकडे सहाच, पानंही तशीच पट्टीसारखी लांब. भिंग दोनदा इकडून तिकडे गेलं आणि उजव्या फुलावर थांबलं.

"हिच्या पुंकेसरांच्या बुडाशी लव आहे," त्या म्हणाल्या. "ही साधी नव्हे, ही धोक्याच्या यादीतली. त्या टेकडीवर बारा वर्षांत कुणाला दिसली नव्हती. किती होती तिथे?"

"एकच."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे उरलेलं एकुलतं एक आपणच उपटलं."

त्या ओरडल्या असत्या तर त्याने मुकाट ऐकून घेतलं असतं. हा बसका आवाज त्याला सोसवेना.

"बाई, मी खणलंच नाही."

"काय?"

"चढ चढून गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता. खाली बसलो असतो तर उठलो नसतो. वाकून वरचा दांडा नि दोन पानं तेवढी कापली. वहीत थाप मारली."

"आताही थाप मारत नाही ना?"

त्याने पिशवीतून खुरपं काढून टेबलावर ठेवलं. नवं कोरं, पात्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. बाईंनी ती चिठ्ठी नखाने खरवडून पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हसूही आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

मग वही ओढून त्यांनी 'हरवला' खोडलं आणि वर लिहिलं, 'कंद जागेवर'.

"खोटं लिहिल्याचं उद्या बघते," असं म्हणत त्या उठल्या आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "आधी बसा. पुढच्या वर्षी ती पुन्हा फुटली का बघायला तोच चढ चढायचाय."