बारशाच्या दोन प्रती

चहा पिता पिता अच्युत आणि शालन आठवणींची डिस्क साफ करायला बसले. नवरा-बायकोच्या आठवणी एकाच डिस्कवर साठत होत्या आणि ती आता भरत आली होती. सफाईचा प्रोग्राम विचारल्याशिवाय काही पुसत नसे आणि विचारलेलं काही लपवत नसे.

"तुमच्या मेघनाच्या बारशाच्या दोन प्रती आहेत," प्रोग्राम म्हणाला. "एक पुसू?"

"माझी पूस," अच्युत म्हणाला. "हिच्यात सगळं असेलच."

पुसण्याआधी दोन्ही दाखवायचा नियम होता. अच्युतच्या आठवणीत तो पाळण्याची दोरी धरून उभा होता. शालनच्या आठवणीत घुगऱ्या होत्या, बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या होती, तिच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या बायका होत्या. अच्युत कुठेच नव्हता.

"मी कसा नाही यात?" त्याने विचारलं.

शालन कपबशा गोळा करू लागली.

"तुमची प्रत शालनताईंच्या सांगण्यावरून नंतर तयार झाली," प्रोग्राम म्हणाला. "त्या दिवसाची मूळ आठवण तुम्हीच पुसायला लावली होती."

अच्युत गोंधळून गेला. दोरीचा खरखरीतपणा त्याच्या तळहाताला आत्ताही जाणवत होता.

"मग मी होतो कुठं, शालन?"

ते आता फक्त शालनच्या आठवणीत होतं, म्हणून प्रोग्रामने तिला विचारलं, "सांगू?"

शालनने अच्युतच्या तळहाताकडे पाहिलं.

"माझी पूस," ती म्हणाली. "यांच्यात सगळं आहे."