खोकला कापायचा नियम

आवाज ऐकून भाषा ओळखायचा ऑनलाइन खेळ रुक्सार आणि अमेय मिळून चालवायचे. रोशन गेटजवळच्या घरात रुक्सार येरझाऱ्या घालत होती. फोनवर अमेय नियम कडक करत होता. “आवाजातला खोकला, हसू, सगळं कापत जा. लोकांनी नुसती भाषा ओळखावी.” तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. आजच्या मल्याळम आवाजाखाली वैजापूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, “भाषा ठाऊक नाय. पण मधला खोकला माझ्या भावाचा हाय. भांडून गेला, आलाच नाय. कुठं हाय?” बोलणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हा नियम रुक्सारचाच. तिनं बाईंचा निरोप तेवढा त्या बोलणाऱ्याला पाठवला होता. तो टाइप करत होता, थांबत होता. मग व्हॉइस नोट आली. शब्द एकही नाही, नुसता तोच खोकला. “ऐकतेयस ना?” अमेयनं विचारलं. तिनं खोकला तसाच वैजापूरला पाठवला.