करुप्पीची टोपली

लावण्याने टोपलीत हात घातला तशी करुप्पी पिसं फुलवून गुरगुरली, पण टोचली नाही. घरात दुसऱ्या कुणाचा हात ती खपवून घेत नसे. खुडूक बसलेली कोंबडी, तिचा तोरा तो काय विचारावा.

"अजून वेळ आहे, अम्मा," लावण्या सासूला म्हणाली.

"काय?"

त्रिपुरसुंदरीला हल्ली कमी ऐकू येई. लावण्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"सरि, बरं. कसाला घाई?" ती म्हणाली आणि शेवग्याच्या शेंगा निवडायला स्वयंपाकघरात गेली. डोळे भरून आले ते सुनेला दिसायला नको होते.

वेळ केव्हाच होऊन गेली होती. अंडी त्रिपुरसुंदरीनेच टोपलीत मांडली होती, तेव्हा दिवस तिला पक्के ठाऊक होते. शिवाय त्या अंड्यांतून पिल्लू निघणारच नव्हतं. समोरच्या फ्लॅटांतल्या कॉम्प्युटरवाल्यांची झोपमोड होते म्हणून कोंबडा पोंगलच्या आधीच गावी रवाना झाला होता. कोंबड्याशिवाय कसली पिल्लं? उरलेल्या कोंबड्यांची अंडी ती रोज मुलाच्या, श्रीवत्सच्या आमलेटला फोडत होती, एकाच्याही बलकावर कधी फळलेल्या अंड्याचं पांढरं कडं दिसलं नव्हतं. करुप्पीची हौस भागावी, एवढ्याचसाठी तिने तिला बसवलं होतं.

पण लावण्या त्या टोपलीत गुंतली.

नववा महिना लागला असताना तिचं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, अजून वेळ आहे, थांबा, हलेल. नंतर मात्र ती बोलायचीच थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. करुप्पी बसली आणि ही उठली. पाण्याची वाटी ठेवू लागली, मूठभर कंबूचे दाणे टाकू लागली. एका रविवारी तर नवऱ्याबरोबर शहराबाहेरच्या कोवलमला समुद्रावर गेली. परतताना पिशवी बसभर मांडीवर धरून बसली होती, असं श्रीवत्सने कौतुकाने सांगितलं. शिंपले असतील, असं त्रिपुरसुंदरीला वाटलं. पोर शिंपले वेचते आहे, यातच तिला सगळं पावलं.

आता टोपली रिकामी राहिली तर ही पुन्हा भिंतीकडे वळेल.

"कोंबडा नाही हे तिला सांगू का?" त्रिपुरसुंदरीने श्रीवत्सला विचारलं.

"तू सांगशील? मज नाही जमणार," तो म्हणाला.

तिलाही जमलं नाही. शुक्रवारी ती देवळात जाते म्हणून निघाली आणि पल्लावरमच्या बाजारात गेली. वेलचेरी स्टेशनजवळ पिल्लं मिळत, पण ती गुलाबी-हिरवी रंगवलेली. तिला गावठी हवी होती, कालच जन्मलेली. मिळाली. भोकं पाडलेल्या खोक्यातून आणून तिने ती माळ्यावर दिव्याच्या उबेला ठेवली.

अंधारात खाली सरकवलेलं पिल्लू खुडूक कोंबडी आपलंच म्हणते, हे तिने आईकडे पाहिलं होतं. शनिवारी पहाटे, घर झोपलेलं असताना ती परसात गेली. करुप्पीने हाताला रक्त येईतो टोचलं. तिने मुकाट्याने सोसलं. एकेक अंडं काढून पदरात घेतलं, एकेक पिल्लू आत सरकवलं. अंडी चांगली गरम होती. कोंबडीखालची अंडी गरमच असायची.

आमलेटची साठवलेली टरफलं चुरून तिने टोपलीत पसरली. अंडी शेवग्याखाली खोल खड्डा करून पुरली, माती पायाने घट्ट दाबली. मग हात धुऊन कॉफीचं आधण ठेवलं.

उजाडलं तशी परसातून हाक आली.

"अम्मा, येऊन बघा."

लावण्या जमिनीवर फतकल मारून बसली होती. करुप्पीच्या पंखाखालून पिवळी डोकी वर येत होती. एक पिल्लू लावण्याच्या ओंजळीत होतं. ती हसत होती, रडतही होती. किती महिन्यांनी तिचा चेहरा असा पाहायला मिळत होता. त्रिपुरसुंदरीला वाटलं, आपण आयुष्यात एवढं एक तरी चांगलं काम केलं. तीही शेजारी टेकली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"एक सांगू, अम्मा? रागवू नका," लावण्या सासूच्या कानाशी वाकून सावकाश बोलली. "कोंबडा नाही, मग हिच्या अंड्यांतून काय निघणार? मज ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी कोवलमला कोंबडा असलेल्या एका घरून अंडी आणली. हिची काढून ती ठेवली. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही."

त्रिपुरसुंदरीचा हात पाठीवरच थांबला.

"काल सांजेला एकेक अंडं कानाशी धरलं, अम्मा. आत सगळी बोलत होती."