रंधा

कापडे गावचं भात महाड बंदरातून मुंबईला नेणारा आमचा मचवा वादळानंतर बाणकोटच्या खाडीत सापडला. वर कुणीच नव्हतं, माझा सयाजीपण नाय. वर्षभरानं मुंबईच्या म्युझियमचे वेलणकरसाहेब मचवा बघून गेले. म्हणाले, "आगबोटींपुढं असे मचवे उरायचे नाहीत. आम्हांला द्या, जपून ठेवू." मी होय म्हटलं. पोराचं नाव तरी राहील.

पण मळकट मचवा मुंबईला धाडायला मी काय भिकारीण हाय? सुतार बसवला, आतून-बाहेरून रंधा मारून घेतला, तेल पाजलं.

साहेब न्यायला आले. आत वाकून एका फळीवरून हात फिरवला आणि तसेच थांबले.

"राहीबाई, इथं खिळ्यानं कोरलेलं होतं."

"ओरखडे होते, साहेब. काढले. जुनं राखता म्हणून घाणपण राखणार काय?"

"अक्षरं होती ती. मागल्या खेपेला अंधार पडला. म्हटलं, पुढचं नंतर सावकाश वाचू." त्यांनी वही काढली. "दोनच शब्द उतरवून घेतलेत."

"वाचा."

"आये, मी..."