पट्टीखालचं नाव

गाठीचा तुकडा लावलेल्या तपासणीच्या काचेवरच्या नावावर डॉक्टरणीने कागदी पट्टी चिकटवली होती. कारण ते नाव सरांचंच होतं.

सर म्हणजे पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख. तीस वर्षं लोकांच्या गाठी तपासल्या, आणि आता स्वतःच्याच गळ्यावर एक आली. दुसऱ्या हॉस्पिटलने सुई घालून तुकडा काढला आणि थायरॉइडचा कॅन्सर ठरवला. परवा ऑपरेशन. "माझी काच माझ्यासमोर आणायची नाही," असं सरांनी विभागात बजावलं होतं. शेवटी त्यांच्या बायकोने ती गुपचूप मिळवली आणि सरांच्या हाताखालच्या या डॉक्टरणीला दिली. "तू तरी बघ गं. हे नुसते गपगार बसलेत."

"कोणाची आहे?" मायक्रोस्कोपला डोळा लावत सरांनी विचारलं.

"आहेत एक हट्टी गृहस्थ. थायरॉइडचा कॅन्सर म्हणतायत."

सरांनी काच सरकवली. पुन्हा सरकवली.

"डोळे गहाण टाकलेत का रिपोर्ट देणाऱ्यांनी? ही चाळणीसारखी भोकं दिसत नाहीत? थायरॉइडच्या पेशी ओळखायचा रंग देऊन बघितलास?"

"बघितला सर. चढलाच नाही."

"मग! हे श्वासनलिकेत उगवलंय आणि तिथून थायरॉइडमध्ये घुसलंय. फार क्वचित दिसतं, म्हणून फसतात. नुसती थायरॉइड कापली तर खरी गाठ आतच राहील की!" बोलता बोलता त्यांना धाप लागली. श्वास आत घेताना बारीक शिटी वाजली. "या माणसाला श्वास घेताना त्रास होत असणार. आणि कोणीतरी दीडशहाणा त्याला दम्याचे फवारे देत असणार."

"दोन वर्षं देतायत, सर."

"कोण तो गाढव?"

तिने पट्टी सोलून काढली.

सरांनी नाव वाचलं. स्वतःच स्वतःला लिहून दिलेला खिशातला फवारा चाचपला. मग पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"गाढव हा शब्द रिपोर्टात घालू नकोस," ते हळूच म्हणाले.

आणि त्यांनी सर्जनना फोन लावला. ऑपरेशन थांबवा, आधी श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघा, असं सांगितलं. पलीकडे सर्जन वैतागले. "आयत्या वेळी हे कोणी काढलं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या डॉक्टरांनी," ते म्हणाले. "आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही."